टीव्हीतल्या समुद्रावर बंदी

आमच्या घराण्यात पाय न भिजवता मासे पकडणारी मी पहिलीच. आतापर्यंत काही हजार मासे माझ्या खात्यावर जमा आहेत. त्यातला एकही कोणी खाल्लेला नाही, एकालाही कधी वास आलेला नाही, आणि हे सगळे मी डहाणूजवळच्या आगर गावात, समुद्रापासून पाच मिनिटांवरच्या घरात, पंख्याखाली बसून पकडले. खरा समुद्र आमच्या खिडकीतून दिसतो. पण खेळताना ती खिडकी लावून घ्यावी लागते, नाहीतर टीव्हीवर उजेड पडतो आणि मासे दिसत नाहीत.

मी व्हिडिओ गेम खेळते. वय चौतीस, नोकरी तलासरीला एका खाजगी ऑफिसात, आणि छंद हा. हे सांगितलं की लोक आधी हसतात, मग 'त्या रंगीत गोळ्या फोडायच्या गेम का?' असं विचारतात. बाईमाणसाने गेम खेळायची तर गोळ्याच फोडाव्यात असं बहुधा कुठेतरी ठरलेलं आहे. ऑफिसात माझ्या शेजारी उधव्याचे एक गृहस्थ बसतात. त्यांनी एकदा जेवणाच्या सुट्टीत माझ्या मोबाइलमध्ये डोकावून पाहिलं आणि मी बंदूक घेऊन एका पडक्या इमारतीत शिरते आहे हे बघून डबा तसाच झाकून ठेवला. त्यानंतर महिनाभर ते माझ्याशी फार अदबीने बोलत होते. खरं तर त्यांनी घाबरायचं काही कारण नव्हतं. बंदुकीच्या गेममध्ये मी इतकी वाईट आहे की माझ्या संघातली मुलं मला आधी दीदी म्हणतात आणि दहा मिनिटांनी संघाबाहेर काढतात.

याची सुरुवात झाली ती डहाणूच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये. आई बाजारात मासे विकते. बारावीच्या सुट्टीत तिने मला पाटीवर येऊन बस म्हटलं, मी नाकाला ओढणी लावली, आणि आमचं असं कडाक्याचं भांडण झालं की शेवटी बाबाने मध्ये पडून मला क्लासला घातलं. तिथले सर चहाला गेले की आम्ही गाड्यांची शर्यत लावायचो. माझी गाडी सारखी कठड्यावर आदळायची, आणि आदळली की दोन सेकंदांत पुन्हा रस्त्याच्या मध्ये, नव्यासारखी उभी राहायची. मला त्या गोष्टीचं केवढं अप्रूप वाटलं. आमच्या किनाऱ्यावर एखादी गोष्ट आदळली की ती आदळलेलीच राहते. लोक गेम कशाला खेळतात याच्यावर बरंच काही बोललं जातं, पण माझ्यापुरतं उत्तर तेवढंच आहे. तिथे चुकलेलं पुसता येतं.

तर अशी ही माशांच्या वासाला नाक मुरडणारी मुलगी मोठी झाली, कमावू लागली, स्वतःच्या पैशांनी एक जुना लॅपटॉप आणि दोन कंट्रोलर घेऊन टीव्हीला जोडले, आणि जगातल्या सगळ्या गेम सोडून तिला लागली मासेमारीची. त्या गेममध्ये एक छोटं गाव आहे, धक्का आहे, एक होडी आहे आणि निळाशार समुद्र आहे. गळ टाकायचा, बोया बुडाला की बटण दाबायचं, मासा वर. मग तो गावातल्या दुकानदाराला विकायचा. रोज निदान एक मासा पकडला तर त्या दिवसाची हजेरी लागते. सलग एक वर्ष हजेरी लागली की सोनेरी शिडाची होडी बक्षीस मिळते. सोनेरी शिडाची होडी जास्त मासे पकडत नाही की जास्त जोरात जात नाही. ती फक्त सोनेरी दिसते. तिच्यासाठी मी ताप असताना, पाहुणे बसलेले असताना, आणि एकदा तर चुलत बहिणीच्या हळदीतून घरी पळत येऊन मासा पकडलेला आहे.

आईने हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिने आधी माझे चार मासे विकून होऊ दिले. मग तिने विचारलं की तो दुकानदार ताज्या माशाला किती देतो आणि कालच्या माशाला किती. मी म्हटलं, सारखेच देतो. मग मी घासाघीस करते का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, तशी सोयच नाही, तो सांगेल तो भाव. आई उठली, पदर झटकला आणि म्हणाली, "माझ्या पाटीवर बसायला तुना लाज वाटली, आन ह्या येड्याला मासे घालतंस." त्यानंतर त्या दुकानदाराचा विषय निघाला की ती त्याला येडाच म्हणायची.

मागच्या थंडीत बाबाला हृदयाचा झटका आला. होडीवरच आला, पण किनारा जवळ होता आणि माझा चुलतभाऊ सोबत होता म्हणून निभावलं. डॉक्टरांनी सगळं करून घरी सोडताना स्पष्ट सांगितलं की होडी बंद. जाळं ओढायचं नाही, वजन उचलायचं नाही, आणि समुद्रावर तर पाऊलही टाकायचं नाही. बाबाने सगळ्याला मान डोलावली. भेटायला आलेल्या नातेवाइकांनी घोलवडचे चिकू आणले, डॉक्टरांनी तेही बंद केले होते, त्यालाही बाबाने मान डोलावली आणि एक चिकू खिशात घातला. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

होडी चुलतभावाकडे दिली. बाबा ओट्यावर बसू लागला. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या जाळ्यात चुका काढायच्या, वारा कुठून आहे ते कोणी न विचारता सांगायचं, आणि उरलेला वेळ गप्प. दोनदा तो ओट्यावरून नाहीसा झाला. दोन्ही वेळा होडीपाशी सापडला. दुसऱ्या वेळी तर एक पाय आत होता, आणि आईने त्याला भर किनाऱ्यावर सदऱ्याला धरून खाली ओढलं. तो म्हणत होता की खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन येतो, त्यात काय मोठंसं. मला आणि आईला तेव्हापासून एकच धास्ती लागली. एक दिवस आपलं लक्ष नसेल, हा होडीत बसून जाईल, आणि चुलतभाऊ त्याला किनाऱ्यावर घेऊन येईल तेव्हा उशीर झालेला असेल. मी ऑफिसात बसून तासातासाला घरी फोन करायची आणि आई बाजारातून शेजारणीला.

म्हणून मी त्याला गेमपुढे बसवलं. यात प्रेम होतंच, पण खरं सांगायचं तर राखण जास्त होती. लहान मुलाला गप्प बसवायला हातात मोबाइल देतात, तसाच हा प्रकार.

पहिला आठवडा बाबाने फक्त तक्रारी केल्या. ह्या समुद्राला भरती-ओहोटी कशी नाही? पाणी एकाच रेघेवर कसं थांबतं? खडकातला मासा आणि खोल पाण्यातला मासा एकाच जागी कोणी ठेवला? होडी अशी धक्क्याला लावून ठेवली तर पहिल्याच वाऱ्यात तिचे दोन तुकडे होतील, हे बनवणाऱ्याला कोणी सांगितलं नाही का? मी म्हटलं, बाबा, ती गेम आहे. तो म्हणाला की तेच तर, गेम आहे तर नीट तरी बनवायची.

दुसऱ्या आठवड्यात त्याने कंट्रोलर हातात घेतला. तो त्याला रिमोट म्हणायचा. जाड, चिरा पडलेली बोटं त्या बटणांवर मावत नव्हती, एक दाबलं की दोन दाबली जायची. पण एकदा जमलं आणि मग त्याने स्वतःची पद्धत लावली. सकाळी उठून भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघायची, तिची पाऊणपट करायची, म्हणजे भरतीची वेळ निघते. मग त्या वेळेच्या हिशेबाने टीव्ही लावायचा. उधाणाच्या दिवसांत तो दोन-दोन तास बसायचा, आणि भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास पाण्याला ओढ नसते तेव्हा, रिमोटला हातही लावायचा नाही.

मी हे ऑफिसात हसून हसून सांगितलं. मग एका रविवारी आमच्या दोघांचे आकडे शेजारी ठेवून बघितले. बाबाचे मासे माझ्या माशांहून मोठे होते. थोडेथोडके नाही, चांगले मोठे. मी इंटरनेटवर तासभर शोधलं. त्या गेममध्ये भरती-ओहोटी नाही, चंद्र नाही, तिथी तर नाहीच, असं तिच्यातल्या जाणकारांनी पुन्हा पुन्हा लिहिलेलं होतं. मी ते बाबाला वाचून दाखवलं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला की त्यांना माहीत नसेल. कित्येक वर्षं गेम खेळल्याचा माझा जो काही अभिमान होता तो त्या रविवारी गेला. वर तो लहान मासे सोडून द्यायचा. गेममध्ये लहान माशांनाही गुण असतात, ते सोडणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. पण बोटभर मासा वर आला की तो तोंडाने च्यक् करून त्याला परत पाण्यात टाकायचा.

ओट्यावरून नाहीसं होणं बंद झालं. आईने एकदा बाजारातून आल्यावर बाबाला विचारलं की आज काय लागलं, आणि त्याने खरोखरच काय लागलं ते सांगितलं. आई भाजी चिरता चिरता ऐकत होती. चाळीस वर्षं संध्याकाळी जो प्रश्न विचारला जायचा तोच होता. मला तेव्हा एकदम रडू आलं आणि मी लॅपटॉपची वायर नीट करायचं निमित्त करून खाली वाकले.

जून लागला. सरकारची मासेमारीबंदी सुरू झाली, होड्या वर ओढल्या, त्यांवर झावळ्यांची झापं आणि निळं प्लास्टिक चढलं. नेमकं त्याच वेळी मला ऑफिसच्या ट्रेनिंगसाठी पाच दिवस नाशिकला जावं लागलं. माझी सलग हजेरी वर्षाला अकरा दिवस कमी इथवर आली होती. लॅपटॉपचा स्क्रीन आणि बॅटरी दोन्ही कधीच मेलेली, तो टीव्हीच्या खालून हलवता येत नव्हता. मी निघताना बाबाला सांगितलं की रोज एक मासा पकड, फक्त एक, कितीही लहान, आणि सोडू नकोस. बाबाने मान डोलावली.

पाच दिवसांनी परत आले, बॅग दारात ठेवली आणि टीव्ही लावला. हजेरी शून्य. होडी धक्क्यावर नव्हती. शोधली तर ती किनाऱ्यावर, वाळूत पार वर ओढून ठेवलेली. त्या गेममध्ये होडी वाळूत ओढता येते हे मला वर्षभरात कळलं नव्हतं.

बाबा ओट्यावर होता. मी विचारलं की मासा का नाही पकडला.

"बंदी हाय गो," तो म्हणाला.

मी म्हटलं, बंदी इथे आहे, टीव्हीत नाही.

"ह्या दिवसांत मासा अंड्यावर असतो."

"त्यातला पण?"

"त्यातला कसा असतो ता मना काय माहीत?" बाबा म्हणाला. "म्हणून तं नाय धरला."

यावर हसायला हवं होतं. आज मी ही गोष्ट सांगते तेव्हा सगळे इथे हसतात. पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे ते सोनेरी शीड होतं, वर्षभराच्या हजेऱ्या होत्या, हळदीतून पळत आलेली मी होते. आणि मी म्हणाले, "बाबा, तुझी बंदी जून-जुलैपुरती नाहीये. तुझी कायमची आहे."

जे आम्ही दोघींनी सहा महिने घरात उच्चारलं नव्हतं, ते मी एका चित्रातल्या होडीसाठी बोलून बसले. बाबाने नुसती मान डोलावली, डॉक्टरांपुढे डोलावली होती तशीच. आत जाऊन मी टीव्ही बंद केला. तिथे चुकलेलं पुसता येतं असं मी वर लिहिलंय. ओट्यावर तशी सोय नव्हती.

त्यानंतर दोन महिने टीव्ही लागला नाही. मी मोबाइलवरच्या बंदुकीच्या गेमकडे परत गेले आणि रोज दहा मिनिटांत संघाबाहेर होत राहिले. बाबा ओट्यावर बसायचा, पण आता कोणाच्या जाळ्यात चुका काढत नव्हता. ते जास्त भीतीदायक होतं. पानात वाढताना आईचा हात माझ्या ताटाशी येऊन थबकायचा.

सरकारी बंदी उठली तरी आमची होडी निघाली नाही. ती बाबाची रीत. तारीख सरकारची असेल, पण समुद्राला नारळ दिल्याशिवाय आमची होडी पाण्यात जात नाही, आणि चुलतभावाने ती रीत पाळली. बाकीच्यांच्या होड्या मासे घेऊन येऊ लागल्या तरी तो नारळी पौर्णिमेपर्यंत थांबला. मग त्याने येऊन बाबाला सांगितलं की काका, पहिल्या फेरीला तू हवास. नारळ तुझ्या हातचा, आणि खाडीच्या तोंडापर्यंत तू होडीत बसायचं, पुढे मी तुला उतरवतो. तो प्रेमाने म्हणत होता. बाबाने त्याला फक्त दोन नारळ आणायला सांगितले. दोन कशाला, ते विचारायची माझी छाती झाली नाही. मला वाटलं, एक किनाऱ्यावर आणि एक खाडीच्या तोंडाशी.

पौर्णिमेला सकाळी सगळं गाव किनाऱ्यावर होतं. होड्यांना पताका आणि झेंडूच्या माळा लागल्या होत्या, बायका जरीच्या लुगड्यांत होत्या, बाजा वाजत होता. बाबाने इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता आणि पिशवीत दोन नारळ होते. त्याने गुडघाभर पाण्यात जाऊन एक नारळ समुद्राला दिला, हात जोडले, आणि तसाच भिजत होडीपाशी गेला. चुलतभावाने वरून हात पुढे केला. बाबाने होडीच्या काठावर हात ठेवला. आईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडीचा वळ दोन दिवस राहिला. ओरडावंसं वाटत होतं, पण ओट्यावर जे बोलले होते त्यानंतर मला त्याच्यावर ओरडायचा हक्क उरला नव्हता.

बाबा तसाच उभा राहिला, एखाद्या बैलाच्या पाठीवर हात ठेवावा तसा काठावर हात ठेवून. मग त्याने होडीला दोनदा थोपटलं.

"तू जा रे," तो चुलतभावाला म्हणाला. "माझी होडी घरी वर ओढलेली हाय. मना ती काढायची हाय."

चुलतभावाला काही कळलं नाही. आईला कळलं आणि तिने माझं मनगट सोडलं. बाबा पाण्यातून बाहेर आला आणि आमच्याकडे न बघता घराच्या वाटेला लागला. त्याच्या मागे आम्ही दोघी.

घरी येऊन त्याने पाय धुतले, टीव्हीसमोर पाट मांडला, त्यावर दुसरा नारळ ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि मला म्हणाला, "लाव." मी टीव्ही लावला. तो निळाशार, भरती-ओहोटी नसलेला समुद्र आला. बाबाने हात जोडले. आई दारात उभी होती, तिनेही जोडले, आणि येड्या दुकानदाराच्या गावापुढे माझेही हात कधी जुळले ते कळलं नाही. मग नारळ फोडायचा प्रश्न आला. समुद्राला तो अख्खा देतात, पण टीव्हीत टाकणार कसा? बाबाने थोडा विचार केला आणि म्हणाला की हा घरच्यांना. आईने तो ओट्यावर फोडला आणि खोबरं वाटलं.

रिमोट त्याने माझ्या हातात दिला. होडी वाळूतून पाण्यात ढकलायला कुठलं बटण आहे ते त्यानेच दाखवलं. मी गळ टाकला. पहिलाच मासा आला तो बोटभर.

मी बाबाकडे बघितलं. गेल्या दोन महिन्यांत मी त्याच्याकडे असं सरळ बघितलं नव्हतं. माफ कर हे शब्द आमच्या घरात कोणी कधी वापरलेले नाहीत, मलाही ते जमले नाहीत. मी तो मासा पाण्यात सोडला. गुण गेले, हजेरीही लागली नाही. बाबाने तोंडात खोबऱ्याचा तुकडा टाकला.

"आता परत टाक," तो म्हणाला. "भरती हाय अजून."